चमत्कार म्हणू नका

मे 2025 मध्ये फिलाडेल्फियातल्या एका बाळाची बातमी जगभर फिरली. मथळे बहुतेक एकाच छापाचे: वैद्यकीय चमत्कार! तेव्हापासून हा शब्द मला खुपतोय.

प्रथिनं पचताना शरीरात अमोनिया तयार होतो. यकृत त्याचा युरिया बनवतं आणि तो लघवीवाटे निघून जातो. सीपीएस1 हे एन्झाइम नसलेल्या या बाळाच्या यकृताला ते जमत नव्हतं, आणि साठलेला अमोनिया मेंदूला घातक असतो. डॉक्टरांनी त्याच्या जनुकातली नेमकी चुकलेली जागा दुरुस्त करणारं बेस एडिटिंगचं औषध बनवलं. फक्त त्याच्यासाठी, साधारण सहा महिन्यांत. तीन डोसनंतर त्याला जास्त प्रथिनं सोसू लागली, अमोनियावरची औषधं कमी करता आली. पूर्ण बरा झाला असं त्याचे डॉक्टरही म्हणाले नाहीत, म्हणाले ते मथळेवाले.

यात दैवी काही नव्हतं. बिघाड यकृतात होता हा मोठा फायदा. चरबीच्या अतिसूक्ष्म कणांत भरलेलं औषध शिरेतून सोडलं की बरंचसं आपसूक यकृतातच पोचतं. मेंदूपर्यंत ते असं जात नाही, स्नायूंचंही अवघडच.

चमत्काराला कुणी 'पुढचा कधी?' असं विचारत नाही. माझा राग तिथेच आहे. याच आजाराच्या दुसऱ्या बाळाची चूक जनुकात दुसऱ्याच जागी असेल, तर हे औषध त्याच्या कामाचं नाही. पण वेष्टन तेच, कारखाना तोच, बदलायचा तो मुख्यतः जागा दाखवणारा आरएनएचा तुकडा. माप बदललं म्हणून शिंप्याने दरवेळी नवा परवाना काढायचा का? मान्यता पद्धतीला द्या, प्रत्येक सदऱ्याला नको.

(सैल सोडा असं मी म्हणत नाहीये. 1999 मध्ये याच शहरात, याच युरियाच्या साखळीतल्या दुसऱ्या एका आजारावर जीन थेरपीची चाचणी चालू होती. 18 वर्षांचा एक मुलगा, निरोगी जनुक वाहून नेणाऱ्या विषाणूचा डोस दिल्यावर चार दिवसांत गेला. आहार आणि औषधांवर त्याचं बरं चाललं होतं.)

आणि मान्यता मिळाली म्हणजे औषध टिकतं असंही नाही. ग्लायबेरा आठवा. 2012 मध्ये युरोपात मंजूर झालेली ही तिथली पहिली जीन थेरपी, किंमत सुमारे दहा लाख युरो. परिणामांबद्दल शंका होत्या हे खरं, पण पूर्ण किमतीला ती विकली गेली एकाच रुग्णासाठी. 2017 मध्ये कंपनीने परवान्याचं नूतनीकरणच केलं नाही. प्रतिकारशक्तीच नसलेल्या मुलांसाठीच्या स्ट्रिमव्हेलिस या जीन थेरपीचे मालक बदलत गेले, आणि 2023 मध्ये ती शेवटी इटलीतल्या टेलिथॉन या धर्मादाय संस्थेने पदरात घेतली. दुर्मिळ आजाराचं औषध बाजाराच्या भरवशावर सोडलं की हे असं होतं. मला विचाराल तर अशा औषधांचं उत्पादन सार्वजनिक पैशातूनच चालायला हवं.

शिवाय वेळ. 2018 मध्ये बॉस्टनला बॅटन या मेंदूच्या दुर्मिळ आजाराच्या एका मुलीला खास तिच्यासाठी बनवलेलं मिलासेन हे औषध मिळालं, तेही जेमतेम वर्षभरात तयार झालेलं. तिचे झटके कमी झाले, पण आजार तोवर खूप पुढे गेला होता. 2021 मध्ये ती गेली. फिलाडेल्फियाच्या बाळाचं निदान जन्मानंतर काही दिवसांतच झालं होतं. ते कुठल्या मथळ्यात आलेलं मला दिसलं नाही.