आधी वय तरी विचारा!

आज सकाळी मानेवाडा चौकात औषधीच्या दुकानात उभी होते. पुढे एक आजी, सत्तरीच्या तरी असतील. "खोकल्याचं काही दे रे बाप्पा, रात्रभर डोळा नाही लागला." पोराने मान वर न करता बाटली समोर ठेवली. वय विचारलं नाही, दुसऱ्या कोणत्या गोळ्या चालू आहेत तेही नाही. माझं डोकंच फिरलं.

मागच्या हिवाळ्यात बाबांसाठी मीच अशी बाटली आणली होती. बाबा गणिताचे मास्तर, वय 76. चौथ्या रात्री दोन वाजता स्वयंपाकघरात लाईट लावून उभे. "तुझी आई अजून आली नाही काऊन?" आईला जाऊन सहा वर्षं झाली. सकाळी दिडकी, म्हणजे दीडचा पाढा, म्हणताना 'सात दिडे'वर अडकले. बोट तसंच हवेत.

आणि आम्ही? "वय झालं" म्हणून मोकळे! भावाने तर डिमेन्शिया ठरवूनही टाकला. धंतोलीतल्या डॉक्टरांनी सगळ्या औषधी टेबलावर काढायला लावल्या, बाटलीवरची बारीक अक्षरं वाचली. क्लोरफेनिरामिन. सर्दी-खोकल्याच्या कितीतरी सिरपमध्ये हे असतं. गुंगी येते एवढंच आपल्याला माहीत. पण ते मेंदूत शिरून ॲसिटिलकोलिन नावाच्या निरोप पोचवणाऱ्या रसायनाचं काम अडवतं, आणि आठवण, लक्ष सगळं त्याच्याच भरवशावर असतं. अशाच सिरपमधल्या डायफेनहायड्रामिनचंही तेच. म्हातारपणी ते अंगातून लवकर निघतही नाही. अमेरिकेतल्या वृद्धरोगतज्ज्ञांची बीअर्स यादी 65 च्या पुढे हे टाळा म्हणते. इथे कोण सांगते?

2025 मध्ये छिंदवाड्याची लेकरं सिरपमुळे किडन्या निकामी होऊन आपल्या नागपुरात आणली, तेव्हा घरोघरी बाटल्या तपासून राहिले होते सगळे. ते प्रकरण वेगळं, त्यात विषारी रसायन होतं, मान्य. पण बाबांच्या बाटलीत तर काहीच भेसळ नव्हती!

तरण्याताठ्याने दोन दिवस घेतलं तर एवढं बिघडत नाही, हेही मान्य. त्या पोरालाही कोणी शिकवलं नसेल. पण बाबा त्या रात्री दाराकडे बघत होते ना, ते माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. आणि चमचा मीच भरत होते, दिवसातून तीनदा.

आजींना थांबवलं, बाटली परत करायला लावली, डॉक्टरांकडे जा म्हटलं. पोरगं चिडलं. चिडू दे.

औषध बंद केल्यावर पाचव्या दिवशी बाबा ओट्याजवळ आले, चहाचा कप घेतला आणि आपणहून म्हणाले, "सात दिडे साडेदहा." मी गॅसकडे तोंड करून रडले.