खुलासा: ‘वाइनलाइट’ हा नवा अल्बम नाही

‘ग्रोव्हर वॉशिंग्टन ज्युनिअर यांचा नवा स्मूथ जॅझ अल्बम आला, लगेच ऐका’ असा मेसेज मुखपृष्ठासह फिरतोय. अल्बम जरूर ऐका, पण तो नवा नाही. सॅक्सोफोनवादक वॉशिंग्टन यांचा ‘वाइनलाइट’ १९८० साली आला. बिल विदर्स यांनी गायलेलं ‘जस्ट द टू ऑफ अस’ त्यातलंच. बास गिटारवर तेव्हा विशीतला मार्कस मिलर, ड्रम्सवर स्टीव्ह गॅड; श्रेयनामावली वाचली तरी काळ लक्षात येतो. स्वतः वॉशिंग्टन यांचं १७ डिसेंबर १९९९ रोजी न्यूयॉर्कमध्ये निधन झालं. त्यांच्या पश्चात २००० साली ‘आरिया’ आला, पण त्यात पाश्चात्त्य शास्त्रीय रचना आहेत.

गोंधळ का होतो? जुनं ध्वनिमुद्रण सफाई करून पुन्हा काढलं की स्ट्रीमिंग अ‍ॅप कधीकधी त्या आवृत्तीची तारीख दाखवतं. नावापुढे ‘रीमास्टर्ड’ असेल तर सावध व्हायचं. गाण्यांच्या यादीखाली, वर्तुळातल्या ‘पी’ अक्षरापुढे ध्वनिमुद्रणाच्या प्रकाशनाचं वर्ष असतं. पुन्हा काढलेल्या आवृत्तीत तेही कधी नवं असतं, म्हणून कलाकाराची पूर्ण सूची पाहिलेली बरी. मेसेज पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच असणार. तरीही तो आता पुढे पाठवू नका, आणि आधीच ग्रुपवर टाकला असेल तर त्याखाली १९८० हे साल तेवढं लिहा.