पुन्हा बदललेली पाळी

आमच्या दैनिकाच्या डाक आवृत्तीची (म्हणजे बाहेरगावी जाणाऱ्या अंकाची) पाने दोन तास आधी छपाईला सोडायची आणि शहर आवृत्तीसाठी मात्र मध्यरात्र उलटेपर्यंत बसायचे, असा नवा फतवा ग्रुपवर येऊन पडला, तोही रविवारी संध्याकाळी. म्हणजे सुरगाणा-कळवणच्या वार्ताहराची बातमी येण्याआधीच तिथले पान छपाईला गेलेले असणार, आणि वाचकांची बोलणी खायची ती आम्हीच! १९५५ च्या श्रमिक पत्रकार कायद्याने चार आठवड्यांत १४४ तासांची मर्यादा घातली होती. ती आमच्या व्यवस्थापनाच्या गावीही नाही. रात्री अडीचला नाशिक शहरातल्या द्वारकेहून नाशिकरोडला जायला रिक्षावाला मागेल तेवढे मोजायचे (भत्त्याचे नाव काढू नये), आणि जरा डोळा लागतो न लागतो तोच सकाळच्या बैठकीचे बोलावणे येते. दर पंधरवड्याला पाळी बदलायचीच असेल, तर आठवडाभर आधी लेखी कळवायला यांचे काय जाते?