दहा एलिमेंट, पण कोणत्या तरंगाचे? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

निपाणीच्या वाचकमित्रा, अल्ट्रासाउंडने धातूतला दोष शोधण्याच्या चाचणीचं संगणकावर मॉडेल करताना ठोकळा छोट्या तुकड्यांच्या (एलिमेंटच्या) जाळीत विभागतात, आणि वेळ छोट्या पावलांनी (टाइम स्टेपने) पुढे सरकवतात. धातूत तरंग सोडतो तो प्रोब. त्या जाळीबद्दल मी लिहिलेल्या नियमावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. "तरंगलांबीत दहा एलिमेंट हा तुमचा नियम फसवा आहे. स्टीलमध्ये वेग ५९०० मीटर प्रतिसेकंद, प्रोब १ मेगाहर्ट्झचा, म्हणून ०.५९ मिलिमीटरची जाळी घेतली. तरी शिअर तरंगाचा प्रतिध्वनी उशिरा येतो. टाइम स्टेप दहापट कमी केला तर आणखीच उशिरा!"

पहिली चूक माझीच. दहा एलिमेंट लिहिले, पण कोणत्या तरंगाच्या लांबीत, ते लिहायचं राहिलं. ५९०० हा लाँगिट्यूडिनल तरंगाचा वेग, म्हणजे ज्यात कण तरंगाच्याच दिशेने मागेपुढे हलतात त्याचा. शिअर तरंग (ज्यात कण आडवे हलतात) त्याच स्टीलमध्ये सुमारे ३२०० ने जातो, म्हणजे त्याची लांबी ३.२ मिलिमीटर. तुमच्या जाळीत त्याच्या वाट्याला साडेपाच एलिमेंटसुद्धा येत नाहीत. शिवाय प्रोब १ मेगाहर्ट्झचा म्हटला तरी दोन-तीन आवर्तनांच्या छोट्या पल्समध्ये दीड मेगाहर्ट्झपर्यंतचा भाग असतोच. तिथे लांबी उरते २.१ मिलिमीटर. हिशेब तिथून धरायचा.

आणि दहा तरी पुरतात का? साध्या रेषीय एलिमेंटला, एकमितीय हिशेबात, दहाला तरंगाचा वेग १.६ टक्के कमी पडतो, विसाला ०.४ टक्के. पल्स मात्र ग्रुप वेगाने, म्हणजे तरंगांचा अख्खा पुंजका ज्या वेगाने सरकतो त्या वेगाने जाते, आणि तिथे तूट जवळपास तिप्पट. ही तूट वाटभर साठत जाते. दोन-चार तरंगलांब्यांत कळतही नाही. तुमच्या २०० मिलिमीटरच्या वाटेत साठाहून जास्त तरंगलांब्या आहेत. बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतल्या एका कामात मी असाच उशिरा आलेला, मागे शेपूट ओढणारा प्रतिध्वनी कास्टिंगमधला दोष समजून दोन दिवस त्याच्या मागे लागलो होतो. दोष जाळीत होता.

टाइम स्टेपबद्दल मात्र तुमचं निरीक्षण बरोबर, निष्कर्ष चूक. लम्प्ड मासच्या (वस्तुमान जाळीच्या बिंदूंवर एकवटलेलं धरणाऱ्या) एक्स्प्लिसिट पद्धतीत (पुढची स्थिती थेट आधीच्या स्थितीवरून काढणाऱ्या) जाळी तरंगाला मागे ओढते आणि टाइम स्टेप त्याला पुढे ढकलतो. दोन्ही चुका एकमेकींना थोडंफार खातात. कूरां, फ्रीडरिक्स आणि लेवी यांनी १९२८ मध्ये मांडलेली टाइम स्टेपची कमाल मर्यादा तुमच्या जाळीला एकमितीत ०.१ मायक्रोसेकंद, द्विमितीत साधारण ०.०७. तिच्या जरा खाली राहा. स्टेप उगाच बारीक केलात तर पुढे ढकलणारा हात काढून घेतल्यासारखं होतं, आणि जाळीची चूक उघडी पडते.

आता ०.१ मिलिमीटरची जाळी घ्या, म्हणजे त्या २.१ मिलिमीटरच्या लांबीत वीसेक एलिमेंट येतील. द्विमितीय मॉडेलमध्ये जाळी सहापट बारीक म्हणजे एलिमेंट ३६ पट, स्टेपची संख्या सहापट, काम २०० पटींच्या वर. ठोकळा सममित असेल तर अर्धाच घ्या. मात्र ठोकळ्यात छिद्र असेल, तर त्याच्याजवळ जाळी एकदम बारीक करू नका, त्या सांध्यावरून खोटा प्रतिध्वनी येतो. हळूहळू बारीक करत न्या. रन रात्री लावा, आणि मधून मधून निकाल साठवायला सांगून ठेवा. आपल्याकडे लाईट कधी जाईल, काय सांगावं!