पिझ्झा स्टोन म्हणजे बिडाचा तवा नाही हो

पिझ्झा स्टोन, म्हणजे ओव्हनमध्ये ठेवून वर पिझ्झा भाजायची दगडासारखी जाड लादी, तिच्याबद्दल परत तोच मेसेज फिरतोय, आमच्या तीन ग्रुपवर आला: "पिझ्झा स्टोन तव्यासारखा तेल लावून सीझन करा, वापरून झाला की साबणाच्या पाण्यात रात्रभर भिजत घाला, तरी डाग राहिले तर स्टोन बाद झाला समजा." तिन्ही गोष्टी चुकीच्या आहेत, आणि लोक चांगले महागाचे स्टोन याच्यापायी घालवतायत म्हणून लिहितेय.

तेलाचं आधी. बिडावर तेल तापलं की त्याचा कडक थर पृष्ठभागावर बसतो, म्हणून तव्याला काही चिकटत नाही. स्टोन असतो कॉर्डिएराइटचा (उष्णता सोसणारं एक सिरॅमिक) नाहीतर भाजलेल्या मातीचा, सगळा बारीक छिद्रांचा, त्यात तेल वर थांबतच नाही, आत मुरतं. मग दरवेळी ओव्हन 250 ला गेला की धूर, आणि नुसता ठेवला तर खवट वास. शिवाय ती छिद्रंच तर कामाची, पिठातला ओलावा ती ओढून घेतात म्हणून पिझ्झा खालून कुरकुरीत होतो. स्टीलची पिझ्झा प्लेट असेल तर खुशाल लावा तेल, ते लोखंडच आहे.

भिजवायचं तर अजिबात नाही. साबण आत शिरला की नीट निघत नाही, पुढच्या पिझ्झाला त्याची चव लागते. आणि पाणी त्याहून वाईट. माझा पहिला स्टोन असाच गेला, भिजवलेला, सकाळी हाताला कोरडा लागला म्हणून संध्याकाळी तापलेल्या ओव्हनमध्ये सरकवला, दहा मिनिटांत टक्क करून आवाज आला, बघते तर मधोमध दोन तुकडे. आत राहिलेल्या पाण्याची वाफ झाली आणि वर एकदम बसलेला चटका, दोन्ही मिळून.

मग साफ कसा करायचा? ओव्हनमध्येच पूर्ण गार होऊ द्या, मग चिकटलेलं चीज उलथन्याने खरवडा, कोरड्या ब्रशने झाडा, बस. फारच चिकटलं असेल तर खायच्या सोड्यात थोडंसं पाणी घालून जाडसर पेस्ट, जुन्या टूथब्रशने घासा, ओल्या फडक्याने पुसून घ्या आणि निदान एक अख्खा दिवस वाळू द्या. पुढच्या वेळी थंड ओव्हनमध्ये ठेवून ओव्हनबरोबरच तापवा.

डागांचं म्हणाल तर माझ्या आत्ताच्या स्टोनवर मधोमध काळपट गोल आहे, कडेला सॉसचे तपकिरी ओघळ, आणि पिझ्झा पहिल्यापेक्षा जराही वाईट होत नाही. डाग म्हणजे घाण नव्हे.

अमेरिकेतली आमची मंडळी विचारतात ओव्हनच्या सेल्फ-क्लीनला (ओव्हन प्रचंड तापवून आतली घाण जाळायची सोय) लावू का, तर नको, तिथे तापमान 480 अंश सेल्सिअसच्या आसपास जातं, मुरलेली चरबी पेट घेऊ शकते.

आणि ज्यांनी आधीच तेल लावलंय त्यांनी लगेच फेकू नका. खिडक्या उघडा, रिकामा स्टोन थंड ओव्हनपासून 250 पर्यंत न्या, तासभर तसाच राहू द्या. धूर येईल, येऊ दे, दोन-तीन वेळा केलं की बराच कमी होतो.