३०५ + ४७ = ७७५

"निष्काळजीपणा टाळा." भाच्याच्या गणिताच्या वहीत हा लाल शेरा मी मोजला. एका महिन्यात अकरा वेळा. चौथीत आहे तो. ताई-भावजी दोघंही नोकरीला, म्हणून संध्याकाळी राजेंद्र नगरला माझ्याकडे अभ्यासाला येतो.

एकदा सहज विचारलं, तीनशे पाचात सत्तेचाळीस मिळवले तर? आंब्याची कोय चोखत म्हणाला, "तीनशे बावन्न." वहीत त्याच गणिताचं उत्तर ७७५! नीट बघितलं तर बेरीज चुकलेलीच नव्हती. ४७ एक घर डावीकडे सरकले होते. ४ शतकाखाली, ७ दशकाखाली. तशा मांडणीत ७७५ अगदी बरोबर. मग निष्काळजी कोण, करणारा की तपासणारा?

डोळ्यांच्या डॉक्टरांनी नजर ६/६, म्हणजे अगदी उत्तम, सांगितली होती, त्यामुळे आम्ही सगळे निर्धास्त. पण डोळ्याला दिसलेलं मेंदूला लावूनही घ्यावं लागतं. कुठला आकडा कुणाखाली, चिन्ह अधिकचं की गुणिलेचं, फळ्यावरची कुठली ओळ उतरवून झाली. घोळ तिथे असेल तर भिंतीवरचा तक्ता वाचून काय कळणार? काही मुलांना संख्येचा लहानमोठेपणाच उमगत नाही, ती तोंडीही अडखळतात. त्यांची अडचण वेगळी. हा तोंडी पळतो आणि कागदावर पडतो.

त्यात आपली मराठी! शाळेत इंग्रजी आकडे, घरी आजीच्या कॅलेंडरवर ३ आणि ६, एकमेकांचं आरशातलं रूप. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीस-बावीससाठी 'वीस एक, वीस दोन' आलं तेव्हा मीही पोटभर हसले होते. (पुण्या-मुंबईला हसायची संधी आम्हा इंदूरकरांना कधी मिळते?) परवा मी "त्रेपन्न" म्हटलं आणि त्याने ३५ लिहिले. बरोबरच आहे, तीन आधी ऐकू आला. संख्या लिहितो त्याच क्रमाने बोलावी, हे त्या पुस्तकामागच्या गणितज्ञ मंगला नारळीकरांचं म्हणणं मला तेव्हा पटलं, जरा उशिराच.

२०१६ च्या दिव्यांग कायद्यात डिस्कॅल्क्युलियाचं, म्हणजे गणित शिकण्यातल्या अडचणीचं, नाव आहे. प्रमाणपत्र असेल तर सीबीएसईच्या परीक्षेत तासाला वीस मिनिटं जास्त मिळतात. पण प्रमाणपत्रापर्यंत पोचायला आधी 'आळशी आहे' हे वाक्य घरातून जायला हवं. आमच्याकडे ते जायला दोन वर्षं लागली. मधल्या काळात एकाने रंगीत काचांचा चष्माही सुचवला. आम्ही घेतला नाही, ते बरं केलं.

औषध निघालं ते फुकटचं. रेघांची वही आडवी फिरवली. रेघा उभ्या झाल्या, एकेका पट्टीत एकेक आकडा. पानावर चारच गणितं, बाकीची पुठ्ठ्याने झाकायची. शिवाय उत्तर आधी तोंडी सांगायचं, मग लिहायचं.

काल वही तपासून आली. चारही बरोबर. खाली लाल शेरा: "वही उभी धरावी."

उत्तर लिहायला मीही लाल पेनच शोधतेय.