लिंबू-सोड्याच्या मेसेजला उत्तर: कातडी कशानं पातळ होते?

लगीनसराई जवळ आली की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ग्रुपांवर हा मेसेज फिरतो: ‘क्रीममधलं अ‍ॅसिड बॅटरीतल्यासारखंच. त्यानं कातडी झिजून पातळ होते. त्यापेक्षा लिंबात खायचा सोडा कालवून चोळा, नैसर्गिक आहे, अपाय नाही.’

बॅटरीत गंधकाम्ल असतं, ते मांस जाळतं. चेहऱ्याच्या क्रीममधलं अ‍ॅसिड वेगळं: ग्लायकोलिक अ‍ॅसिड आपल्या उसातही असतं, लॅक्टिक दह्यात. घरी वापरायच्या बाटलीत ते साधारण ५ ते १० टक्के असतं आणि वरच्या मेलेल्या पेशींना धरून ठेवणारे दुवे तेवढे सैल करतं. जास्त तीव्र पील, म्हणजे अ‍ॅसिडनं वरची कातडी सोलून काढायचे उपचार, डॉक्टरांकडेच करावेत.

पातळ होण्याचं म्हणाल, तर १९९६ च्या एका अमेरिकी अभ्यासात सहा महिने अशी आम्लं लावलेल्या हाताची त्वचा उलट सुमारे २५ टक्के जाड भरली.

कातडी खरोखर पातळ करतं ते मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेलं, ‘गोरं करणारं’ म्हणून नवरीच्या हाती दिलेलं स्टेरॉइडचं क्रीम. त्यातल्या स्टेरॉइडांची नावं: बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल. थोड्याच दिवसांत चेहरा उजळतो, म्हणून वहिनी नणंदेला सांगते, नणंद मैत्रिणीला. मग गाल लाल होतात, बारीक शिरा दिसू लागतात, पुटकुळ्या उठतात, लव वाढते. लावायचं थांबवलं की आग होते. २०१८ साली अशी अनेक क्रीम चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या यादीत आली, तरी ती सहज मिळतात. मेसेजमध्ये याबद्दल एक अक्षर नाही, याचा मला फार राग येतो.

आणि लिंबू? त्याचा सामू (पीएच, जितका कमी तितकं आंबट) २ ते २.६, म्हणजे त्या बाटलीतल्या द्रावणापेक्षा जास्त आंबट. लिंबाचा रस, त्यातही सालीतलं तेल कातडीवर राहून ऊन लागलं तर भाजल्यासारखे फोड येतात, मागं काळे डाग उरतात. सोडा जास्त पडला तर मिश्रण अल्कधर्मी होतं, आणि आपली त्वचा मुळात किंचित आम्लधर्मी आहे.

उन्हाची भीती मात्र अ‍ॅसिडलाही लागू आहे. ते लावलं की त्वचा लवकर करपते, वांग असेल तर आणखी गडद होतो. म्हणून रात्रीच, आठवड्यातून दोनदा, आणि दिवसा सनस्क्रीन. दिवसभर शेतात राबणाऱ्या बाईनं आणि गरोदर बाईनं आधी डॉक्टरांना विचारावं.

घरात कुणी चेहऱ्याला ट्यूब लावत असेल तर तिच्यावरची बारीक अक्षरं आजच वाचा. वरच्या तिन्ही स्टेरॉइडांपैकी एकाचं नाव दिसलं, तर मनानं एकदम बंद न करता ती ट्यूबच घेऊन त्वचारोगाच्या डॉक्टरांकडे जा.